तिकोनी खाच

“ठेव ना. तुझीच जागा आहे ती.”

बाई हे रागावून म्हणाल्या नव्हत्या. हसून म्हणाल्या होत्या.

माझ्या हातात मातीची बाहुली होती, वीतभरही नसेल. कमरेत वाकलेला काळा माणूस. खांद्यावर दोरी. दोरीच्या टोकाला मेलेला बैल, चारही पाय वर. माणसाचं तोंड उघडं होतं, दम लागलेल्याचं असतं तसं. त्याच्या पायाखाली लाकडाची खुंटी होती, तीन कोनांची.

समोर टेबलावर लाकडाचं गाव होतं. वर्ग भोवती उभा होता. बाकीच्या सगळ्या बाहुल्या आपापल्या जागी लागल्या होत्या. गावाच्या कडेला, निळ्या रंगाने काढलेल्या नाल्याच्या पलीकडे, एकच खाच रिकामी होती. तिकोनी.

मी बाहुली ठेवली. खुंटी खाचेत टक्कन बसली.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि मी, बारा वर्षांची, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्यांची, टाळ्या ऐकून हसले.

त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. इतकी वर्षं झाली, नोकरी झाली, पेन्शन झाली, तुम्ही दोघी नाती झालात. टाळ्या वाजल्या की माझी मान आजही खाली जाते. माझ्या निरोप समारंभातही गेली होती. लोकांना वाटलं, बाई किती विनयशील.

मागच्या रविवारी धाकटीने मला फोनवर विचारलं. तिकडे परदेशात तुमच्या शाळेत म्हणे संग्रहालयाची पेटी आली आहे. भारतावरची. पितळेचा दिवा, साडीचा तुकडा, मसाल्यांच्या बाटल्या, सगळं हाताळायला. बरोबर एक तक्ता. तक्त्यावर मोठा त्रिकोण, त्रिकोणात आडव्या रेघा, रेघांमध्ये जाती. मॅडमनी तुला चिकटवायचा एक लाल ठिपका दिला आणि सांगितलं, घरी विचारून ये आणि तुमचं कुटुंब जिथे बसतं तिथे लाव. आणि तू मला विचारलंस, “आजी, आपण कुठे?”

मी म्हणाले, आवाज नीट येत नाही गं, लिहून पाठवते.

आवाज चांगला येत होता.

हे मी इंग्रजीत लिहू शकले असते. आयुष्यभर तेच शिकवलं. पण इंग्रजीत ही गोष्ट फार स्वच्छ होते. आईला वाचून दाखवायला सांगा. अडेल तिथे थांबा, पुढे पळू नका.

मी ओळीने सांगते. मला तशी सवय आहे. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत म्हणून तुम्ही माझी थट्टा करता. लहानपणीही मी अशीच होते. पाटी, पेन्सिल, पुसायचं फडकं, सगळं ठरल्या जागी. आमच्या खोलीत वस्तूच थोड्या होत्या, त्यामुळे नीट ठेवणं सोपं होतं.

खोली भरवेलीला होती, मँगनीजच्या खाणीच्या वस्तीत. माझे बाबा खाणीत कामाला. घरी येत तेव्हा पापण्यांपर्यंत काळे असत. आई दाराबाहेर बादली भरून ठेवायची. अंग धुतल्याशिवाय ते मला जवळ घेत नसत. बाबांच्या वडिलांनी, माझ्या आबांनी, लांजीकडचं आपलं गाव सोडून ही खाण धरली होती. खाणीत शिरला की कोणताही माणूस सारखाच काळा होतो, असं आबा म्हणत. गावात त्यांच्याकडे मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. बाबांनी ते कधी केलं नाही. लहानपणी पाहिलं मात्र होतं. त्याबद्दल ते बोलत नसत.

आईबाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी बरीच लहान होते. घरातले देव आईने कापडात बांधून नाल्यात सोडले आणि कोनाडा चुन्याने सारवला. मला त्यातलं एवढंच आठवतं की कोनाडा पांढरा झाला होता.

शाळा बालाघाटला, मुलींची. बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून सोडायचे, त्यांची पाळी नसेल तेव्हा. एरवी मी पायी जायचे. मराठीचा वर्ग अजून चालू होता, पण वर्गाबाहेर सगळं हिंदी झालं होतं. वर्गात मला वेगळं कोणी बसवत नव्हतं. कायदा आला होता. एका बाकावर तीन मुली बसत. माझ्या बाकावर तिसरी मुलगी कधी बसली नाही, इतकंच.

सातवीत असताना शाळेत फिरतं प्रदर्शन आलं. गोंदियाहून छोट्या गाडीने पेट्या आल्या आणि स्टेशनवरून बैलगाडीवर लादून शाळेत. मोठ्या खोलीत काचेची कपाटं लागली. जुनी नाणी, कोरीव दगड, जंगलातल्या लोकांचे दागिने. बैहरकडच्या मुली ते दागिने पाहून खिदळत होत्या. त्यांच्या आज्या तेच घालून बाजाराला यायच्या.

काच मोठ्यांसाठी होती. आम्हा मुलांसाठी प्रदर्शनाबरोबर एक वेगळी पेटी आली होती, शिकवण्याची. तिच्यात तक्ते होते. नाण्यांच्या नकला होत्या. एक कोरीव पाटी होती, तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की जुनी अक्षरं उमटायची. सगळ्याला हात लावायची मोकळीक होती. शाळेत मला असं काही मिळालेलंच नव्हतं. मी त्या पाटीवर इतकी पेन्सिल घासली की माझी बोटं बाबांसारखी झाली.

आणि पेटीच्या तळाशी, कापसात गुंडाळलेलं, ते गाव.

प्रदर्शनाबरोबर एक तरुण सर आले होते. चष्मा, खादीचा झब्बा, चेहऱ्यावर सतत उत्साह. ते गाव त्यांनी स्वतः कल्पून बनवून घेतलं होतं. टेबलाएवढ्या फळीवर शेतं, चावडी, देऊळ, विहीर, घरं. जागोजाग खाचा. प्रत्येक बाहुलीच्या खुंटीचा आकार निराळा. पाटलाची गोल, कुंभाराची लांबट, पाणी भरणाऱ्या बाईची चौकोनी.

“मूल चुकलं तर बाहुली बसणारच नाही,” सर बाईंना समजावत होते. “रागवायला नको, मारायला नको. चूक मुलाला आपोआप समजते.”

मला ते फार आवडलं. मी खोटं कशाला सांगू? प्रत्येक गोष्टीला एक जागा आणि ती जागा चुकूच शकत नाही. माझ्यासारख्या मुलीला याहून सुंदर खेळ कोणता? प्रत्येक बाहुलीला मी हात वर करत होते. मी, सर. मी, सर. पाटील दुसरीला मिळाला. कुंभार तिसरीला. पाणी भरणारी बाई कुसुमला मिळाली. कुसुम जुन्या मालगुजारांच्या घरातली, तिला टांगा न्यायला यायचा.

शेवटी कापसात एकच बाहुली उरली. सरांनी ती उचलली आणि विचारलं, “हा कोण ठेवील?”

एकही हात वर गेला नाही. नुकत्याच एकमेकींना ढकलणाऱ्या मुली, सगळ्यांचे हात खाली. कुसुमने तर हात ओढणीत गुंडाळून घेतले. मातीची बाहुली ती. कुठल्या तरी भट्टीत भाजलेली, रंग दिलेली.

तेव्हा बाईंनी माझं नाव घेतलं. आणि मी धावत गेले. अखेर मला मिळाली म्हणून.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. सर म्हणाले, “शाब्बास! देखा? एक बार भी सोचा नहीं!”

बाई म्हणाल्या, “तिला माहीतच असणार, सर.”

वर्ग हसला. मीही.

मधल्या सुट्टीत मुली मला गाठून म्हणाल्या, “ए, तुया मामा पेटीत एकटाच झोपला ना वो! जा, त्याले भाकर देऊन ये.”

“माझा मामा खाणीत आहे,” मी म्हणाले. मला थट्टा कळलीच नव्हती. त्या आणखी हसल्या.

त्याच दुपारी बाईंनी मला बाजूला घेतलं. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी कचेरीतले मोठे साहेब येणार होते. मुली कशा न शिकवता शिकतात हे सर त्यांना त्या गावावर दाखवणार होते. बाई म्हणाल्या, “तू छान केलंस. साहेबांपुढेही असंच कर. जबलपूरच्या वसतिगृहासाठी मोठ्या बाई एका मुलीचं नाव पाठवणार आहेत. मी तुझं सांगेन.”

जबलपूरचं वसतिगृह म्हणजे इंग्रजी. शिकलेल्या बायांच्या हाताखाली राहणं. बाबा त्या वसतिगृहाचं नाव असं घ्यायचे की जणू ते तिथे जाऊन आलेत. त्यांनी ते पाहिलेलंही नव्हतं.

प्रत्येक बाहुलीबरोबर बोलायची चार वाक्यं होती. इंग्रजी पुस्तिकेतून बाईंनी ती मराठीत उतरवून दिली. मी माझी वाक्यं त्याच संध्याकाळी पाठ केली. मग छातीला लाल फीत लागली. मी त्या गावाची वाटाडी झाले.

रविवारी प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं होतं. आईबाबा आले. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, आईने दीक्षेच्या वेळचं पांढरं पातळ. टेबलापाशी मी फीत लावून उभी. बाई खुर्चीवर बसलेल्या.

“हे आपलं गाव व्हय काय?” आईने विचारलं.

“कोणतंही गाव आहे, आई.”

आई वाकून पाहू लागली. “अवं माय, चूल पाह्य केवढीशी! अन् हे कोंबडी! हिले पिल्लं बी हायेत.”

बाबा चुलीकडे पाहत नव्हते. ते नाल्याच्या पलीकडे पाहत होते.

“हा कोन आहे?”

मी हात मागे बांधले, मान सरळ केली आणि म्हणाले: “हा महार आहे. हा गावाबाहेर राहतो. मेलेली जनावरे ओढून नेणे हे त्याचे काम आहे. तो गावाची घाण दूर करतो, म्हणून तो उपयोगी आहे.”

घरी बोलते तशी नाही. पुस्तकी मराठीत, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. माझ्या बापाला.

आईने हात घालून बाहुली उपसली. “उन्हात उभा करून ठेवला बिचाऱ्याले. इकडं इहिरीपाशी ठेव ना. तहान लागली असन.” तिने ती विहिरीजवळच्या खाचेत बसवायला घेतली. बसेना. आईने बाहुली फिरवली, पुन्हा दाबली. “बसून नाही राह्यला वो हा.”

बाई हसल्या. आजूबाजूची माणसंही हसली. “अहो, तो तिथे बसणारच नाही,” बाई म्हणाल्या. “तसा केलेलाच नाही तो. ठेवा पाहू परत. मुलांच्या वस्तू आहेत.”

आईने हात झटकन मागे घेतला आणि बोटं पदराला पुसली. बाहुली तिच्या दुसऱ्या हातात तशीच. बाबांनी ती तिच्या हातून घेतली. खाच शोधली. आणि आपल्या हाताने, टक्कन, नाल्यापलीकडे बसवून दिली.

मग बाईंना म्हणाले, “माफ करा, बाई. तिले समजत नाही.”

परतताना मी दांडीवर बसले नाही. बाबा सायकल हातात धरून चालत होते, आई मागून. गाव मागे पडल्यावर बाबांनी विचारलं, “पाठ केलतं काय ते तू?”

“हौ, बाबा.”

“चांगलं पाठ केलं.”

भरवेली जवळ आली. उतार आला. उतारावर ते मला नेहमी दांडीवर बसवून पायडल सोडून द्यायचे, मला वारा लागावा म्हणून. त्या दिवशी उतार आला आणि गेला.

घरी आल्यावर बाबांनी सदरा काढला, बाहेरची बादली घेतली आणि अंग धुऊ लागले. मान, दंड, बोटांच्या बेचक्या. घासून घासून. त्या दिवशी रविवार होता. ते खाणीत गेलेच नव्हते.

मी दारात उभी राहून पाहत होते. फीत छातीवर होती. तेव्हा मला कळलं. टाळ्या कशाच्या होत्या ते. मुलींनी हात का लपवले ते. मामाची थट्टा. ‘तिला माहीतच असणार.’ सगळं एकाच वेळी कळलं. आपल्याला कुठे ठेवलं आहे ते मला कधी कळू नये म्हणून ज्या माणसाने एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं, त्याला मी बोट दाखवून त्याची जागा समजावली होती. फीत लावून.

पुस्तकांत लिहितात की ही लाज आपली नसतेच, ती लादणाऱ्यांची असते. खरं आहे ते. मी स्वतः वर्गात हेच शिकवलं. पण लाज पुस्तक वाचून शिरत नाही, आणि वाचून निघतही नाही. ती आपल्या अंगात बसते, आपलंच अंग खाते.

मी बाबांना विचारलं, “आबांनी गाव सोडलं, मग त्यांच्या जागी कोण आलं?”

बाबा पाणी ओतायचे थांबले. “कोनी नाही आलं.”

“मग?”

“मंग काय? जागा रिकामीच राह्यली. गावानं लय बोलावनं धाडलं. धमक्या बी देल्या. थे गेले नाही.”

एवढंच. त्यांनी तांब्या पुन्हा बादलीत बुडवला.

शेवटच्या दिवशी साहेब आले. मोठ्या बाई, गावातले चारपाच प्रतिष्ठित, पुढे खुर्च्या. सरांनी गाव टेबलावर मांडलं आणि हिंदीत सांगितलं की इथे शिक्षकाने एक शब्द बोलायची गरज नाही, मुलं चुकूच शकत नाहीत. एकेक मुलगी येऊन बाहुली बसवत होती, चार वाक्यं म्हणत होती, टाळ्या घेत होती. पाटील. कुंभार. पाणी भरणारी बाई. साहेब मान डोलवत होते.

माझी बाहुली शेवटची. पुस्तिकेत तसाच क्रम होता.

सरांनी ती माझ्या हातात दिली. मी टेबलापाशी गेले. नाला, तिकोनी खाच. हात पुढे झाला नाही. मी ठरवून गेले होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. आदल्या रात्री मी वसतिगृहाच्या खाटेचा विचार करत झोपले होते. पण बाहुली हातात आली आणि बादलीचं पाणी आठवलं.

“रखो बेटा,” सर म्हणाले.

मी उभी.

बाई जवळ आल्या. ओठ न हलवता बोलल्यासारखं म्हणाल्या, “ठेव ना. तुझीच जागा आहे ती.” आणि त्याहून हळू, “जबलपूर.”

साहेबांनी विचारलं, “क्या बात है?”

सर हसले. “शरमा गई है, साहब. छोटी है.”

ते ऐकून मला कंठ फुटला. सगळं चाललं असतं, हे नको होतं. “शरमाई नहीं हूँ,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “ये गाँव छोड़के चला गया.”

“कौन चला गया?”

“ये.” मी बाहुली वर धरली. “अब भरवेली में रहता है. इसकी जगह खाली है.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच हसलं नाही. मी बाहुली गावाच्या फळीवर ठेवली नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर आडवी ठेवली आणि जाऊन मुलींच्या रांगेत उभी राहिले. हे धाडस वगैरे काही समजू नका. मला फक्त त्या टेबलापासून दूर जायचं होतं.

सरांनी घाई केली. “कोई बात नहीं. कुसुम, तुम रखो.”

कुसुमने हात पाठीमागे बांधले. सरांनी दुसरीकडे पाहिलं. तिनेही. तिसरी मागे सरकून भिंतीला टेकली. साऱ्या रांगेत एक मुलगी त्या मातीला शिवायला तयार नव्हती. सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई पाहुण्यांसाठी पाणी आलं का ते बघायला निघून गेल्या.

मग सरांनी स्वतःच हात पुढे केला, तेव्हा साहेब म्हणाले, “आप रखेंगे तो क्या? आप तो कह रहे थे, बच्चे खुद रखते हैं.” आणि घड्याळ पाहून उठले.

खाच रिकामी राहिली. त्या एका दुपारी त्या गावात मेलेला बैल ओढायला कोणी नव्हतं. मी नाही म्हणाले म्हणून, आणि त्या सगळ्या शिवायला तयार नव्हत्या म्हणून. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती पुढे कुठल्याही पुस्तकाने याहून नीट सांगितली नाही. ती जागा आमच्याच हाताने भरत आली होती. आमचा हात काढला की ते गाव पुरं होत नव्हतं.

बाईंनी फीत काढून घेतली. “एवढंसं काम होतं,” म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझं भलं करत होत्या आणि मी ते लाथाडलं. जबलपूरला दुसरी मुलगी गेली.

बाबांना मी सांगितलं. “नाही ठेवला,” एवढंच मी म्हणाले. त्यांनी शाबासकी दिली नाही. जबलपूरचं नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मी हायस्कूलला भरवेलीहून पायी गेले. इंग्रजी त्या रस्त्यावर शिकले, मोठमोठ्याने पाठ करत, मँगनीजच्या ट्रकांची धूळ खात. त्यात गोड काही नव्हतं. वर्गात पुढची चार वर्षं माझ्या बाकावर दुसरी मुलगीही बसली नाही.

बऱ्याच वर्षांनी मी बालाघाटलाच शिक्षिका झाले. बाबा तोवर गेले होते. एक दिवस शाळेत निरोप आला, फिरतं प्रदर्शन येतंय. प्रदर्शन दुसरं होतं, माणसं दुसरी होती. शिकवण्याची पेटी तीच. माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी दार लावलं आणि कापूस बाजूला केला.

पाटलाचा फेटा पांढरा पडला होता. कुंभाराचं नाक झिजलं होतं. पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीचा सगळा रंग पोरींच्या बोटांनी उडाला होता. इतक्या शाळा फिरून आलेल्या त्या बाहुल्या, हाताळून हाताळून गुळगुळीत.

तो मात्र नवा कोरा होता. पाठ काळीभोर, दोरी पिवळी, बैलाच्या डोळ्यातला पांढरा ठिपकासुद्धा जागेवर. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, त्याला कोणी हात लावला नव्हता. जिथे लावला असेल तिथे माझ्यासारखी एखादी, एकदा, टक्कन.

मी तो काढून पर्समध्ये ठेवला. लपवून नाही. पेट्या न्यायला माणूस आला तेव्हा त्याने बाहुल्या मोजल्या आणि म्हणाला, “मॅडम, एक कम है.”

“हाँ,” मी म्हणाले. “कम ही रहेगा.”

“ऊपर क्या बोलूँ?”

“बोलना, मॅडम ने नहीं दिया.”

वरून विचारणा झाली. मी तेच उत्तर दिलं, माझ्या नावानिशी. मुख्याध्यापक माझ्याशी दोन वर्षं नीट बोलले नाहीत. चहाच्या वेळी माझी खुर्ची पुन्हा एकटी पडली. सवयीची होती.

घरी नेऊन मी त्याची तिकोनी खुंटी आरीने कापली. खुंटी गेल्यावर तो सपाट जागेवर कुठेही उभा राहू लागला. आईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. तिला मोतीबिंदू झाला होता.

“केवढासा आहे वो हा,” ती म्हणाली. “तवा केवढा वाटला होता.”

आता तुझा ठिपका.

ही गोष्ट वाचून तुला कळलंच असेल की त्या त्रिकोणात लोक आपल्याला कुठे धरतात. कळू दे. मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. बाबांनी लपवलं आणि मी परक्याच्या पुस्तिकेतून पाठ केलं. आबांचं गाव, खाण, दीक्षा, पांढरा कोनाडा, सगळं तू मला विचार, मी सगळं सांगेन. पण कळणं वेगळं आणि आपल्या बोटाने तिथे लावणं वेगळं.

तुमच्या मॅडम चांगल्या असतील. आमच्या बाईही वाईट नव्हत्या, सर तर नव्हतेच. म्हणून सांगते, चांगल्या माणसांपुढे जास्त जपायचं. ते रागावणार नाहीत. ते कौतुक करतील. सगळा वर्ग तुझ्याकडे वळून पाहील आणि कदाचित टाळ्या वाजतील. त्या टाळ्या घेऊन घरी यायचं नाही. मी घेऊन आले होते, त्या अजून वाजतात.

ठिपका चुपचाप टोपलीत टाकायचा नाही. हरवला म्हणायचं नाही. सगळ्यांसमोर मॅडमच्या हातात परत द्यायचा. विचारलं तर सांगायचं, ते लोक तिथून केव्हाच निघून गेले. एकटी पडशील. पड. मोठीने तुझ्या शेजारी येऊन बसायचं, तेवढं तिचं काम.

मॅडम पुन्हा म्हणतील. गोड आवाजात म्हणतील, लाव ना.

लावायचा नाही.